सहाच्या आकड्यावरची जागा

आमच्या वेल्डिंगच्या दुकानात फौजीण कामाला लागली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. सैन्यातून निवृत्त झालेली, ताठ कण्याची, कामाला वाघ. आणि ह्यांनी तिला उभं कुठे करावं? नेमकं माझ्या जागेवर!

वेल्डिंग करणाऱ्याच्या तोंडावर मुखवटा असतो, त्याला मागचं काही दिसत नाही. ठिणगी उडून कुठे धुमसायला लागली तर बघायला मागे एक माणूस लागतो, वाळूची बादली घेऊन. लग्न झाल्यापासून तो माणूस मी. गुडघा धरला म्हणून चार दिवस गल्ल्यावर बसले काय, जागाच गेली!

आल्या दिवशीच ती ह्यांना म्हणाली, "आय हॅव गॉट युवर सिक्स."

ह्यांना कोण कौतुक! जेवताना मला शिकवायला लागले, "अगं, सैन्यातलं बोलणं आहे ते. आपण घड्याळाच्या मधोमध उभे आहोत असं धरायचं. समोर बारा, पाठीमागे सहा. तू खुशाल पुढे बघ, तुझी पाठ मी सांभाळते, असा मागच्यानं पुढच्याला द्यायचा शब्द."

"मग मी इतकी वर्षं मागे काय माश्या मारत होते?"

"तुझं वेगळं गं," म्हणाले आणि ताट पुढे केलं.

वेगळं म्हणे! मी उभी होते तेव्हा त्या जागेला साधं नाव नव्हतं. नुसती जळत होते मी. गल्ल्यावरून एक डोळा सारखा त्या दोघांवर.

काल ह्यांनीच तिला बाहेर टेम्पोतून पाइप उतरवून घ्यायला पाठवलं आणि स्वतः मात्र काम थांबवलं नाही. मागे तेलकट चिंध्यांतून धूर निघाला. गुडघा गेला खड्ड्यात! धावले आणि बादली उपडी केली.

मुखवट्याआडून आवाज आला, "शाब्बास, फौजी!"

असा संताप आला म्हणून सांगू! तोंड उघडणार, तोच पाठीत दोन धपाटे बसले. वळून बघते तर फौजीण. माझ्या स्वेटरला मागून ठिणगी लागली होती, ती तिनं नुसत्या हातानं विझवली. तळवा लालभडक झाला होता.

"वहिनी, तुमचं सिक्स पण मीच बघते," ती म्हणाली.

माझ्या मागे आजवर कोण होतं? कुणीसुद्धा नाही. तरी मेलीला गोड बोलायला जीभ रेटेना. "हात पाण्याखाली धर आधी," असं खेकसून मी तिला नळाकडे ओढत नेलं.

"फौजी, आहेस ना मागे?" ह्यांची हाक आली.

"नाही," मी नळावरूनच ओरडले. "आत्ता तुमच्या मागे कुणी नाहीये. काम थांबवा!"