जाळीचा चौकोन

नणंद बसमध्ये कंडक्टर होती, त्यामुळे स्वयंपाकघरातही तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असाच लागायचा.

"साखळी घाल, टोकं जोडून गोल कर. त्या गोलात तीन खांब, मग साखळी, परत तीन खांब. असे चार गठ्ठे झाले की चार कोपरे झाले. यात कसला डोंगर उचलायचाय, वहिनी?"

वहिनीने डोंगर उचलला. क्रोशाच्या सुईवर धागा घेऊन खांब ओढले, दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन-दोन गठ्ठे न विसरता घातले. ते विसरलं तर चौकोनाची बशी होते. तिचा चौकोन अगदी चौकोन झाला. तिने तो उलटासुलटा पाहिला, एक खांब सैल आहे म्हणाली आणि धागा ओढून सगळा सरसर उसवला.

हे असं तीन दिवस चाललं होतं.

वहिनीचं बाळ फार लवकर जन्मलं होतं आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. तिला घरी सोडलं होतं, पण घरी आल्यापासून ती एकदाही मुलीला बघायला गेली नव्हती. नवरा रोज जायचा. त्यानेच सिस्टरांचा निरोप आणला. आईने एक चौकोन विणावा, दिवसभर छातीशी ठेवावा आणि मग पेटीत बाळाजवळ द्यावा. आईचा वास आला की लेकरं शांत राहतात म्हणे. वहिनीला तेवढंच हवं होतं. कोणी विचारलं की उत्तर तयार, "चौकोन झाला की जाते." आणि चौकोन काही होत नव्हता.

चौथ्यांदा उसवायला हात गेला तशी नणंदेने तो मनगटाशी धरला.

"कवळ्या बनवतेस ना तू? लोकांच्या तोंडात केसभर फरक चालत नाही, तो तू डोळे मिटून साधतेस. आणि दोऱ्याचा चौकोन तुला जमेना? कोणाला बनवतेस?"

"ताण नीट येत नाहीये."

"ताण तुझ्या डोक्यात आलाय. वेळ काढतेयस तू."

वहिनीने सुई टेबलावर ठेवली. मग एकदम बोलली. "पहिल्याला माझ्या हातात दिलं होतं. मी घेतला आणि तो गेला. हिला कोणी माझ्या हातात दिलेलं नाही, म्हणून ही आहे."

वेडेपणा आहे हे तिलाही कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

काही होणार नाही असं सांगावंसं नणंदेला फार वाटलं, पण ते ती कशाच्या जिवावर सांगणार? तिने शेवटची फेरी स्वतःच पुरी केली, कात्रीने धागा कापला, टोक फासातून ओढून गाठ आवळली आणि चौकोन वहिनीच्या हातावर आपटला.

"आता उसवून दाखव. आणि ठेव छातीशी. उद्या जायचं."

दुसऱ्या दिवशी तिघं गेली. कोपरापर्यंत हात धुतले, वरून झगे चढवले. सिस्टर वयस्कर होत्या, घाईत होत्या. त्यांनी चौकोन उजेडात धरला आणि एका भोकातून करंगळी आरपार काढली.

"हा नाही चालायचा. असल्या जाळीत बाळाचं बोट अडकतं. घट्ट विणीचा हवा, भोकं नकोत. यांना सांगितलं होतं मी."

नवरा भिंतीवरचं घड्याळ बघू लागला. "विसरलो," तो पुटपुटला. नणंदेने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की बस असती तर तो पुढच्या स्टॉपला उतरला असता. तिला स्वतःला ही एकच वीण येत होती, ते मात्र ती बोलली नाही.

वहिनीला पहिल्यांदा जे वाटलं ते सुटल्यासारखं. आणि त्याची तिला लाज वाटली.

"मग दुसरा करून आणते," म्हणत ती वळलीसुद्धा.

"करा सावकाश," सिस्टर म्हणाल्या आणि पेटीची गोल खिडकी उघडली. "आलाच आहात तर हात आत घाला. एक तळवा डोक्यावर, एक पायांशी. चोळायचं नाही, थोपटायचं नाही. नुसता ठेवायचा."

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत सिस्टरांनी तिचे हात आत नेले होते. कातडी ऊबदार होती, पातळ होती. डोकं तिच्या तळव्यात मावून वर जागा उरत होती.

आणि पेटीजवळचं यंत्र केकाटायला लागलं.

तिने हात हिसडून बाहेर काढले. "बघा! मी सांगत होते! मी सांगत होते ना!" ती भिंतीला जाऊन टेकली.

सिस्टरांनी बाळाच्या पावलावरची सुटलेली वायर पुन्हा चिकटवली. आवाज थांबला. "वायर निघाली होती. दिवसभर निघतच असते," म्हणून त्या पलीकडच्या पेटीकडे गेल्या. खिडकी उघडीच राहिली.

भीती कमी झाली नव्हती. पुढे काय होईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. वहिनी तशीच पेटीशी आली आणि या वेळी हात तिने आपले आपण आत घातले. मुठीएवढी छाती भराभर वरखाली होत होती. ती होत राहिली.

"आता काढा," बऱ्याच वेळाने सिस्टर म्हणाल्या. "तिला झोपू द्या."

तिने हात काढले तशी पोर रडली. आवाज मांजरीच्या पिलाएवढा होता, पण रागाचा होता. पहिला रडलाच नव्हता.

"ऐकलंत?" तिने नवऱ्याची बाही धरली. "ही रडतेय. मी हात काढला म्हणून रडतेय."

तो आवाज त्याने रोज ऐकला होता. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला तसं सांगवेना.