सुरीचं कडं

पितळेचं कडं जोडावर नेमकं बसलं, तेव्हा सुरीवाल्याने रोखलेला श्वास सोडला आणि फटीत वितळलेली लाख भरून घेतली. आता तो जोड प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही दिसला नसता.

दाराशी बायको फोनवर लेकीशी बोलत होती.

"बाबा ना? काही नाही गं, सकाळपासून पितळ घासत बसलेत. हो, तुझ्या सासऱ्यांचीच सुरी. येतीलच ते आता."

सुरीवाल्याने मान वर केली नाही.

चूक नवशिक्याची होती. सुरीचं जे शेपूट मुठीत जातं ते मऊ ठेवायचं असतं. पाणी देऊन कडक करायचं ते पातंच. काल, व्याह्यांसमोर कोणता सदरा घालावा या विचारात, त्याने अख्खी सुरी लाल करून पाण्यात बुडवली. मूठ ठोकताना शेपूट खडूसारखं तुटलं.

नवी घडवायला वेळ नव्हता. व्याह्यांनी आजवर मागितलेली ही एकच वस्तू. नाही म्हटलं असतं तर टोमणे लेकीने ऐकायचे. शिवाय लग्नाच्या बैठकीत यानेच सगळ्यांदेखत मिशीवर ताव देत म्हटलं होतं, "माझ्या सुरीला दागिना लागत नाही. कडं घालतो, तो काहीतरी झाकतो." आपले बोल लोक विसरतात, असं प्रत्येक बढाईखोराला वाटतं. त्याने सळईचा तुकडा वेल्ड केला, कानशीने घासला, वर मूठ चढवली. आणि कडं.

भीती जोडाची नव्हती. जोड टिकतो. तुटतं ते जोडाच्या शेजारी, जिथे पोलाद तापून काचेसारखं झालेलं असतं. हाडावर घाव घालताना तिथे मोडलं की मूठ हातात राहते आणि हात तसाच पुढे जातो. पुढे धार असते.

"झाली का, व्याहीबुवा?"

मटणाच्या दुकानाचे मालक, त्याचे व्याही, दारात उभे होते. सुरीवाल्याच्या तळव्यांना घाम फुटला. त्याने ते हळूच सदऱ्याला पुसले. काल एवढा विचार करून निवडलेला सदरा.

व्याह्यांनी नखावर धार बघितली, खूश झाले. मग त्यांचा अंगठा कड्यावर थांबला.

"हे काय नवीन?"

"शोभेला."

"शोभेला." अंगठा कड्याभोवती सावकाश फिरला. "बरं."

बायकोने पाणी आणून दिलं. "आमची लेक त्रास देत नाही ना?"

"लेक कसली, मालकीण झालीय दुकानाची. माझ्या मनगटात आता जोर नाही. हाडंसुद्धा तीच तोडते. ही सुरी तिच्यासाठीच तर मागितली."

"मघाशी फोनवर हे बोलली नाही ती," बायको म्हणाली.

व्याही सुरी फडक्यात गुंडाळत होते. फडक्यावर सुरीवाल्याचा हात पडला.

"जरा थांबा. धार एकदा..."

तो धारेच्या दगडाकडे गेलाच नाही. पातं शिकंज्यात आवळलं, हातोडी उचलली आणि मुठीवर एक टोला हाणला. कट्‌ असा बारीक आवाज झाला. मूठ जमिनीवर पडली, कडं निसटून भट्टीखाली गडगडत गेलं. सुरी मोडली होती ती जोडाच्या शेजारीच.

बायकोच्या हातात रिकामा पेला तसाच राहिला.

"वाटेत सूनबाईचा फोन आला होता," व्याही शेवटी म्हणाले. "म्हणाली, सुरीला पितळ दिसलं तर ती माझ्यासाठी आहे म्हणून बाबांना सांगा. नाही दिसलं, तर काही बोलू नका."

"मग हाडं..." सुरीवाल्याने विचारलं.

"मीच तोडतो अजून." त्यांनी आपला उजवा पंजा ऐरणीवर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "म्हणजे या हाताला ही सुरी चालणार होती."

सुरीवाला खाली बसून भट्टीत कोळसा सारू लागला.

फोन वाजला.

"तिचाच आहे," बायको म्हणाली. "विचारतेय, बाबा काय करताहेत?"

"भट्टी पेटवतोय म्हणावं."

बायकोने सांगितलं, ऐकलं, आणि फोन कानापासून जरा दूर धरला. "विचारतेय, कुणासाठी?"

सुरीवाला उठला. मापाची दोरी घेऊन ऐरणीपाशी आला; मान मात्र वर होईना.

"व्याहीबुवा, पंजा जरा सरळ करा," तो म्हणाला. "मूठ मापाची करतो."