राजहंसच्या पाच खोडी

नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत रामशेज मोटर्सचा कारखाना होता आणि तिथे तीस वर्षं एकच गाडी बनत आली होती, राजहंस. गोल दिवे, फुगीर बॉनेट, आत तिघं ऐसपैस बसतील असं मागचं सीट. एके काळी तिच्यासाठी नंबर लावून दोन-दोन वर्षं थांबावं लागे. पण नव्या छोट्या गाड्या रस्त्यावर आल्या, सरकारी कचेऱ्यांनीही तोंड फिरवलं, आणि १९९८ साल उजाडलं तेव्हा महिन्याला अकरा गाड्या गेल्या तरी मालक खंडेराव सगळ्यांना पेढे वाटायचे.

दीपमाला तिथे टायपिस्ट होती. मखमलाबादच्या पुंजाराम माळ्याची मुलगी, बी.कॉम. झालेली. आलेलं पत्र उत्तराविना टेबलावर पडलेलं तिला बघवत नसे. खंडेरावांचा मुलगा भारत पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला होता. नको असलेल्या पत्रांवर तो पेन्सिलीने 'बघू' लिहून ट्रेमध्ये टाकायचा. फेब्रुवारीत त्या ट्रेच्या तळाशी दीपमालाला मॉरिशसचं तिकीट लावलेला लिफाफा सापडला. चार महिन्यांपूर्वीचा.

लिहिणारा लारोश नावाचा हॉटेलवाला होता. नवी लग्नं झालेली जोडपी त्याच्याकडे उतरत. त्यांना बेटावर फिरवायला त्याला जुन्या वळणाची पण कोरी गाडी हवी होती. एका पाहुण्याच्या अल्बममध्ये त्याने राजहंस पाहिली होती. 'माहितीपत्रक पाठवा,' त्याने लिहिलं होतं, 'आणि गाडी त्रास काय देते तेही कळवा.'

ती पत्र घेऊन आत गेली. भारत खंडेरावांसमोर नव्या मॉडेलचे नकाशे पसरून बसला होता. चौकोनी दिवे, प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड.

"परदेशात ही गाडी? लोक हसतील आपल्याला," तो म्हणाला.

"अरे, उत्तर द्यायला काय जातंय?" खंडेराव म्हणाले. "लिही गं तू."

माहितीपत्रक चौदा वर्षांपूर्वीचं होतं आणि त्यात राजहंसला 'निर्दोष' म्हटलं होतं. कंपनीच्या राजहंसमधून दीपमाला कितीदा तरी बँकेत जाऊन आली होती, त्यामुळे तो शब्द तिला टाइप करवेना. ती शेडमध्ये फोरमन हिरामणकडे गेली. हिरामण पेठ तालुक्याकडचा, पंचवीस वर्षं याच गाडीचे नट आवळत आलेला.

"हिरामणभाऊ, आपल्या गाडीच्या खोडी काय काय?"

"खरं सांगू का कंपनीचं सांगू?"

"खरं."

हिरामणने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दुसरा गिअर चुचकारल्याशिवाय पडत नाही. हॉर्न कधी अडकतो, मग थांबतच नाही. चढावर इंजिन तापतं. मागचं दार जोरात आपटावं लागतं. आणि पाऊस मोठा असला की पुढे डाव्या बाजूला बसणाऱ्याच्या पायावर थेंब पडतात, ते का पडतात हे आजवर कुणालाच कळलेलं नाही.

दीपमालाने पाचही खोडी ओळीने टाइप केल्या. खाली एवढंच जोडलं की, गाडी दणकट आहे आणि तिचा प्रत्येक भाग आमच्याकडे मिळतो. संध्याकाळी सह्यांच्या गठ्ठ्यात ते पत्रही गेलं. खंडेराव सही करताना वाचत नसत.

तीन आठवड्यांनी फॅक्स आला आणि तो नेमका भारतच्या हाती पडला. तो तरातरा तिच्या टेबलाशी आला.

"तुम्ही गिऱ्हाइकाला आपल्या गाडीचे दोष कळवलेत?"

"त्यांनी विचारले होते, सर." नोकरी गेली, असं तिने मनाशी धरलंच.

गलबला ऐकून खंडेराव बाहेर आले आणि त्यांनी फॅक्स मोठ्याने वाचला. लारोशने लिहिलं होतं : 'नऊ कंपन्यांची पत्रं आली. आठांच्या गाड्यांत एकही दोष नाही. तुमच्या गाडीत पाच आहेत, म्हणून तुमच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला. चार गाड्या हव्यात. चार खोडी चालतील, पाचवी नाही. इथे पाऊस फार आणि नवरीचे पाय भिजून चालणार नाही.'

खंडेराव इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "भारत, या पोरीला ओरडू नकोस. पाऊस शोध."

मार्चमध्ये पाऊस आणायचा कुठून? नळीने पाणी मारून पाहिलं, थेंब पडेना. शेवटी दीपमालालाच सुचलं. तिच्या वडिलांकडे द्राक्षांवर औषध मारायचा ब्लोअर होता, ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा. तो वादळासारखा फवारा फेकायचा.

रविवारी राजहंस मखमलाबादच्या बांधावर उभी राहिली. आत कोण बसणार यावर खल सुरू होता, तोवर खंडेराव सफारी सूट घालून पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा.

"शेठ, लय जोराचं हाय बरं का," पुंजाराम ट्रॅक्टरवरून ओरडला. "नुसतंच पाणी भरलंय, पण भ्या वाटंल."

"मार तू!"

ब्लोअर घोंघावला. गाडी पाण्याच्या धुरात दिसेनाशी झाली आणि त्यातच तिचा हॉर्न अडकला. बांधावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हिरामण मात्र आत डॅशबोर्डखाली आडवा होऊन बॅटरीच्या उजेडात वर बघत होता. दहा मिनिटांनी तो ओरडला, "गावलं! वायपरच्या दांड्याच्या भोकातनं येतंय!"

तिथे घट्ट बसेल असा वॉशर कारखान्यात नव्हता. पुंजारामने फवारणीच्या पंपाचा काळा रबरी वॉशर काढून दिला आणि तो तिथे असा बसला, जणू मापच घेतलं होतं. पुन्हा ब्लोअर चालला. खंडेरावांनी बूट काढले आणि पांढरे मोजे खिडकीतून बाहेर काढून सगळ्यांना दाखवले. कोरडे ठणठणीत!

चार गाड्या जहाजावर चढल्या. दिवाळीच्या आत लारोशने आणखी सहा मागितल्या, पुढे शेजारच्या बेटावरच्या दोन हॉटेलांची पत्रं आली. आता प्रश्न उरला कारखान्याचा. भारत पंधरा दिवस कागद घेऊन बसला आणि शेवटी त्यानेच चौकोनी दिव्यांचे नकाशे गुंडाळून कपाटावर टाकले.

"बाबा, मी चुकलो," तो म्हणाला. "नव्या गाड्यांशी आपण झुंजू शकणार नाही. महिन्याला सहाच करू, हाताने, नीट. पण सगळ्या बाहेर पाठवू."

सहा गाड्यांना दीडशे माणसं लागत नव्हती. साठ जणांनी हिशेब घेतला. त्या दिवशी खंडेराव फाटकाशी उभे राहून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत होते आणि शेवटचा माणूस गेला तरी आत यायला तयार नव्हते. पण नव्वद घरांच्या चुली त्या कारखान्यावर पेटत राहिल्या. दीपमालाच्या टेबलावर 'निर्यात अधिकारी' अशी पाटी आली आणि 'बघू'चा ट्रे तिने स्वतःच्या ताब्यात घेतला.

२००३ मध्ये लारोशने तिला बोलावून घेतलं. पुंजारामने विमानतळावर तिच्या हातात द्राक्षांची पेटी ठेवली, पण परदेशात फळं नेऊ देत नाहीत म्हणून ती तिथेच वाटून टाकावी लागली. मॉरिशसच्या विमानतळाबाहेर निळी राजहंस घेऊन एक तरुण ड्रायव्हर उभा होता. त्याने पाटीवर तिचं नाव लिहिलं होतं. त्याचं नाव होतं सोमा.

"सोमा?" दीपमाला इंग्रजीत म्हणाली. "हे तर आमच्याकडचं नाव!"

त्याने लाजत मान हलवली. त्याच्या खापरपणजोबांना उसाच्या कामाला इथे आणलं होतं, कुठल्या गावाहून ते कुणाला ठाऊक नव्हतं. भाषा घरात उरली नव्हती, फक्त आजीकडून आलेले पाच-सात शब्द उरले होते. ते त्याने एकेक करून, परीक्षेला बसल्यासारखे म्हणून दाखवले : "पाणी. भाकर. देव. बस. ये. आई."

दीपमाला पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली.

"नाशिक खूप लांब?" त्याने विचारलं.

"विमानाने एक रात्र."

सोमाने दुसरा गिअर चुचकारत टाकला. लारोशच्या हॉटेलात बारा वाजता बैठक होती. पण वळणावर त्याने गाडी उसाच्या मधल्या कच्च्या रस्त्याला घातली आणि म्हणाला, "आधी आजी. आजी म्हणाली, तिकडची बाई आली की आधी घरी आण."

"चल," दीपमाला म्हणाली. "बैठक थांबेल."