पुस्तकाला जामीन

कोंडीराम नळदुर्गच्या वेशीवर पहारा करीत. त्यांचे चिरंजीव ज्ञानोबा. त्यांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली, प्राथमिक शिक्षक झाले, आणि पुढे सारे गाव त्यांना गुरुजी म्हणू लागले. ज्ञानोबांचे चिरंजीव बुद्धघोष. त्यांचे आयुष्य एस.टी.त वाहक म्हणून तिकिटे फाडण्यात गेले. आणि बुद्धघोषांची कन्या वृषाली, जिच्याविषयी मी हे लिहीत आहे. तिने आपल्या आजोबांचे चरित्र लिहिले. पुस्तक पुण्यात छापले, पण ते नळदुर्गात वाचले जावे अशी तिची इच्छा होती, आणि नळदुर्गातच ते अडले.

आमच्या वाचनालयात दरवर्षी वर्धापनदिनी चरित्रे आणि आत्मचरित्रे यांची एक यादी निघते. साध्या वाचकाने काय वाचावे, हे सांगणारी. यादीतली पुस्तके दर्शनी कपाटात लागतात आणि यादी आसपासच्या शाळांना जाते. उरलेली पुस्तके मागच्या खोलीत जातात. मागच्या खोलीतले पुस्तक मागून नेणारा वाचक मी आजवर पाहिलेला नाही.

या यादीचे नियम मी घातले. अनेक वर्षे मी वाचनालयाची अध्यक्ष होते. माझ्याआधी यादीत ज्याच्या त्याच्या सोयऱ्याचा गौरवग्रंथ घुसत असे. मी ठरवले की पुस्तकाला जामीन लागेल. ज्याला एखादे पुस्तक यादीत हवे असेल त्याने सभेत उभे राहावे, ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले असल्याचे सांगावे, आणि पुस्तकात चिकटवायच्या चिठ्ठीवर सही करावी. लेखकाच्या नातेवाइकाला जामीन राहता येत नाही. लागोपाठ दोन वर्षे जामीन मिळाला नाही, तर ते पुस्तक पुन्हा सभेपुढे येत नाही. या नियमांचा मला अभिमान आहे. त्यांच्यामुळे एका पैलवानाचे आत्मचरित्र, एका सुईणीच्या आठवणी, धरणावर आयुष्य घालवलेल्या एका अभियंत्याचे चरित्र कपाटात आले, आणि पुढाऱ्यांचे जाडजूड ग्रंथ मागे गेले. ज्या आत्मचरित्रात लेखकाचे एकदाही चुकत नाही, ते मी तिसाव्या पानाला मिटते.

वृषालीच्या पुस्तकाला गेल्या वर्षी जामीन मिळाला नव्हता. हे दुसरे वर्ष होते.

कारण सर्वांना ठाऊक होते. त्या पुस्तकात माझे सासरे कल्याणप्पा यांच्याविषयी चार पाने आहेत, आणि आता अध्यक्ष आहे माझा मुलगा गौरीशंकर. बियाण्यांचे आणि खतांचे त्याचे दुकान हमरस्त्यावर आहे. पेरणीच्या तोंडावर त्याच्याशी वाकडे घेईल असा सभासद आमच्याकडे नाही.

माझे या पुस्तकाशी काय नाते, तेही सांगितले पाहिजे. मी आळंदहून सून म्हणून या घरात आले तेव्हा सभासद होण्यासाठी वाचनालयाला जामीनदाराची सही लागे. सासऱ्यांनी सही केली नाही. मनाई करणे त्यांना शोभले नसते, कारण वाचनालयाला जागा त्यांनीच दिली होती आणि उद्घाटनाच्या दिवशी स्त्रीशिक्षणावर भाषणही त्यांनीच केले होते. म्हणून त्यांनी नुसती सही केली नाही. ती ज्ञानोबा गुरुजींनी केली. ते संध्याकाळी वाचनालयाचे काम पाहत. सासरे तेव्हा शिक्षण समितीवर होते. महिनाभरात गुरुजींची बदली बोरी नदीपलीकडच्या एका वस्तीवर झाली, जिथे एस.टी. जात नव्हती. “तुझ्या मास्तराला हवा पालटायला पाठवलं,” असे सासऱ्यांनी जेवताना मला सांगितले. गुरुजींच्या सहीवर मी पुढे सोळा वर्षे पुस्तके घरी आणवली. गुरुजी गेले. त्यांच्यासाठी काही करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

गेल्या पावसाळ्यात मी जिन्यात पडले आणि गुडघा निकामी झाला. गौरीशंकरने मला वरच्या मजल्यावर ठेवले आणि जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचे दार बसवले, रांगत्या मुलांसाठी बसवतात तसे. कडी बाहेरून. खिडकीला जाड दुहेरी काच. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक मला दिवसभर दिसत, आवाज मात्र येत नसे. भेटायला आलेल्यांना खालूनच परत पाठवले जाई. “अव्वांना आराम सांगितला आहे,” असे माझी सून निकिता सांगत असे, आणि ते मला वर ऐकू येई. सगळे माझ्या काळजीपोटी चालले होते. काळजीविरुद्ध भांडण कसे करायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते.

सभेला पंधरवडा असताना वृषाली आली. गौरीशंकर दुकानात होता, म्हणून निकिताने तिला वर सोडले. वृषाली सोलापूरला नोकरी करते. दारातच उभी राहून तिने पुस्तक पुढे केले.

“बस,” मी म्हणाले.

“बसत न्हाय आजी. मी जामीन मागायला आलेली नाही. पुस्तक द्यायला आले.”

“मागितलास तर देणार नाही, असं वाटतं का?”

“तुमच्या घरातनं जामीन कसा मागू? चार पानं काढली तर यादीत पहिला नंबर देतो म्हणाले गौरीशंकर काका. मी न्हाय म्हणाले.”

“का?”

“आजोबांच्या चरित्रातनं आजोबाच काढायचे तर मग छापायचं कशाला?”

ती निघून गेली. कोणापुढे वाकायचे नाही, हे त्या घराण्यात आहे.

मला मोतीबिंदू आहे, बारीक छापील अक्षर लागत नाही. निकिता रोज दुपारी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू लागली. मुलीने चांगले लिहिले आहे. गुरुजींचा राग, त्यांचा हट्ट, वर्गात एकदा एका मुलावर त्यांनी केलेला अन्याय, काहीही तिने झाकलेले नाही. एका दुपारी निकिता वाचता वाचता थांबली.

“अव्वा, नव्वद पानानंतर एकदम पंच्याण्णव आहे.”

मी पुस्तक हातात घेतले. शिवणीपाशी कापल्याची सरळ कड बोटाला लागली.

संध्याकाळी गौरीशंकर वर आला.

“माझी शिवणाची कात्री वापरलीस?” मी विचारले.

“ब्लेडनं कापली. तुमची कात्री बोथट झाली आहे, अव्वा.”

“आणि हे तू मला सांगतोस.”

“लपवून काय करू? तुम्हाला कळणारच. नियम तुम्हीच घातला. पुस्तक पूर्ण वाचलेलं पाहिजे. तुम्ही पूर्ण वाचलेलं नाही. तुम्हाला जामीन राहता येत नाही. विषय संपला.”

“तुला भीती कशाची आहे?”

“वाचनालयात अज्जांचा फोटो आहे. त्याच्याखाली बसून मी सभा चालवतो. दर्शनी कपाटात ते पुस्तक लागलं की शाळेतली पोरं येऊन फोटोकडं बोट करणार. तुम्ही घरात बसाल. मला रोज तिथं बसायचं आहे.”

हे खोटे नव्हते. आपल्या आजोबांवर त्याचे प्रेम आहे. लहानपणी तो त्यांच्याच पाटावर जेवत असे.

दुसऱ्या दिवशी माझा फोन दुरुस्तीला गेला आणि परत आला नाही. वाचनालयातली प्रत गौरीशंकरच्या कपाटात होती. वृषाली सोलापुरात. मीच केलेल्या नियमाने मला वरच्या खोलीत बसवून ठेवले होते, आणि नियम मोडून बाहेर पडणे मला मान्य नव्हते. दिवस ट्रक पाहण्यात गेले.

सभेच्या दिवशी दुपारी जाळीच्या कडीला कुलूप दिसले. गौरीशंकर गाडी आणि चालक घेऊन गेला होता. किल्ली निकिताच्या पदराला होती.

“निकिता, दार उघड.”

“ह्यांनी मला शपथ घातली आहे, अव्वा.”

“कोणाची?”

“स्वतःची.”

“मग घाबरू नकोस. लहानपणापासून तो स्वतःची शपथ घेऊन गूळ चोरत आला आहे. अजून धडधाकट आहे.”

तिला हसू आले, पण लगेच विरले. “तुम्ही मायलेक उद्या एक व्हाल. मधे मी सापडेन. मला माहेरी सुद्धा कोणी विचारणार नाही, की तुझं काय चुकलं.”

ते खरे होते. मी तिला हुकूम दिला असता तर तो तिने पाळला असता, आणि तिची कोंडी आणखी घट्ट झाली असती.

“किल्ली राहू दे,” मी म्हणाले. “एवढं सांग. पुस्तक तू वाचलंस. यादीत असावं का?”

ती जाळीला हात लावून उभी राहिली. “गुरुजी सायकल खांद्यावर घेऊन पाण्यातनं जातात ना, ते पान तुम्ही झोपल्यावर मी परत वाचलं. मला शिकवायला तसं कोणी असतं तर मी बारावीवर थांबले नसते.” मग तिने किल्ली काढली. “पण तुम्ही तर पूर्ण वाचलेलं नाही. जाऊन करणार काय?”

“ते मला जिना उतरेपर्यंत सुचेल.”

गुडघा वाकत नव्हता. मी बसून उतरले, एकेक पायरी, लहान मूल उतरते तशी. ते पाहायला निकिताशिवाय कोणी नव्हते, आणि ती भिंतीकडे पाहत होती. तेवढी समज तिला आहे. मग तिच्या स्कूटीवर एका बाजूला पाय सोडून मी हमरस्त्यावरून निघाले. आयुष्यात पहिल्यांदा. समोरच्या ढाब्यावरचा माणूस रस्त्यात उतरला आणि त्याने हात आडवा करून दोन ट्रक थांबवले.

सभागृहात आम्ही पोचलो तेव्हा चिटणीस गुंडप्पा पुकारत होते. “ज्ञानोबा गुरुजी यांचे चरित्र. लेखिका वृषाली. जामीन कोण?”

कोणी उठले नाही. शेवटच्या रांगेत वृषाली वडिलांशेजारी ताठ बसली होती.

“मी,” मी दारातून म्हणाले.

गौरीशंकर उठून उभा राहिला. “अव्वा! अहो, पाय... अरे, खुर्ची आणा.”

“खुर्ची नको. जामीन उभ्यानेच देतात.”

निकिताच्या खांद्यावर हात ठेवून मी पुढे गेले. गौरीशंकरने तिच्याकडे पाहिले आणि मग कागदाकडे. त्याचा आवाज अध्यक्षाचा झाला. “पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे का?”

“वाचून घेतले आहे. चार पाने सोडून. माझ्या प्रतीत ती नाहीत.”

सभेत कुजबुज झाली.

“मग नियमानं तुम्हाला...”

“नियमाने ती चार पाने मी सही करण्याआधी वाचलेली असावीत. सभा संपलेली नाही. वृषाली, तुझी प्रत घेऊन पुढे ये. मोठ्याने वाच, मला कमी ऐकू येते.”

मला कमी ऐकू येत नाही. गौरीशंकरला ते माहीत आहे.

“वाच गं पोरी,” मागून कोणी म्हातारा ओरडला, “आमी बी वाचलं न्हाय!”

हशा पिकला. गौरीशंकर खाली बसला. पाने कापली नसती, तर ती माझ्या खोलीत दुपारच्या वेळी निकिताने वाचली असती आणि तिथेच राहिली असती.

वृषाली वाचू लागली. बदली माझ्या सासऱ्यांनी करवली, एवढेच त्या पानांत असेल, अशी माझी समजूत होती. पण त्या पानांत आमची ओसरी होती. बदलीचा हुकूम सासऱ्यांच्या हातात होता आणि समोर गुरुजी उभे होते. सासरे म्हणाले होते, “सूनबाईच्या जामिनावरची सही मागे घ्या. हुकूम इथंच फाडतो.” केशरबाई, गुरुजींच्या पत्नी, तेव्हा भरल्या दिवसांत होत्या. गुरुजींनी विचारले, “सही मागं घेतली तर त्यांची पुस्तकं बंद होतील?” सासरे म्हणाले, “होतील.” गुरुजी म्हणाले, “मग मला जावं लागंल.” नदीला पूर आला आणि ते पलीकडे अडकले असताना केशरबाई घरी एकट्या बाळंत झाल्या. मूल जगले. त्याचे नाव बुद्धघोष ठेवले.

शेवटच्या रांगेत बुद्धघोष मान खाली घालून बसले होते.

त्या ओसरीला लागूनच माझे स्वयंपाकघर होते. त्या दिवशी मी आत असेन, भाकरी थापत असेन. हे मला कोणीही सांगितले नव्हते. गुरुजींनीही नाही. बसले असते तर सभेने ती माघार समजली असती. मी निकिताचा खांदा घट्ट धरला.

वृषालीने पुस्तक मिटले. गौरीशंकर टेबलावरून माझ्याकडे वाकला आणि हळू बोलला. “अव्वा, आता सगळ्यांनी ऐकलं. पुस्तक यादीत घेतो. जामीन म्हणून गुंडप्पांचं नाव लिहू. आपल्या घराचं नाव त्या चिठ्ठीवर नको. एवढं तरी माझं ऐका.”

त्याचे डोळे भरले होते. तो माझा एकुलता मुलगा आहे, आणि मला त्याच्याच घरी परत जायचे होते.

“गौरी,” मी म्हणाले, “माझ्यासाठी सही करताना गुरुजींनी दुसऱ्या कोणाचं नाव पुढं केलं नव्हतं.”

“म्हणजे तुम्ही...”

“पेन दे.”

त्याने खिशातले स्वतःचे पेन काढून मला दिले. मी उभ्यानेच चिठ्ठीवर लिहिले, ‘शिवम्मा, कल्याणप्पांची सून’. अक्षर वाकडे आले, पण वाचता येण्यासारखे आहे. गुंडप्पांनी चिठ्ठी पुस्तकात चिकटवली आणि पुस्तक दर्शनी कपाटात, पैलवानाच्या शेजारी उभे केले.

“आजी, आता तरी बसा,” वृषाली खुर्ची ओढत म्हणाली.

गुरुजींचे देणे पूर्ण फिटले होते. मी बसले.