पाठ टेकली

माझा नवरा काय करतो असं कोणी विचारलं की मी सांगायचे, तो समोरचा आहे. लोकांना काही कळायचं नाही. मग समजावून सांगावं लागायचं, आणि समजावता समजावता माझंच डोकं फिरायचं.

तर ऐका. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये काही पोरं अशी असतात की ज्यांच्यामागे कोणी तरी पैसा लावलेला असतो. त्यांना मोठं करायचं तर त्यांनी जिंकायला हवं, आणि ते जिंकायचे तर समोर कोणी तरी हरायला हवं. तोही ऐरागैरा चालत नाही. पहिल्याच ठोशाला आडवा झाला तर पब्लिक शिव्या घालतं. मार खाणारा, खाऊन उभा राहणारा, मधूनमधून परत देणारा आणि शेवटी गुणांवर हरणारा माणूस लागतो. आमचा मंगळू भोये म्हणजे नेमका तसा माणूस. गाव पेठ तालुक्यातलं, राहणार नाशिकला, सातपुरात. पोस्टरवर दुसऱ्याचा फोटो दाराएवढा आणि याचा आधार कार्डावरच्याएवढा. नावाआधी 'ट्रायबल टायगर' लिहायचे. मी एकदा म्हटलं, एवढा वाघ आहेस तर दर वेळी हरतोस कसा? मंगळू नुसता हसला. माझ्या असल्या बोलण्याचं त्याला कधी काही वाटलं नाही.

हर, असं त्याला कोणी सांगायचं नाही, हेही खरं आहे. सांगायची गरजच नव्हती. लढतीच्या चार दिवस आधी फोन करायचा, त्याच्याहून जड गडी समोर ठेवायचा, आणि बरोबरीचा राउंड असला की त्या पोराच्या खात्यात टाकायचा. गुडगावच्या मॉलमध्ये, बंगळूरच्या हॉटेलात, कुठे कुठे तो हरून आला. आश्रमशाळेत गुरुजींनी हातात ग्लोव्हज दिले तेव्हापासून राज्याच्या पदकापर्यंत तो जिंकतच गेला होता. पुढे पोलीस भरतीत उंची थोडी कमी पडली आणि ते दार बंद झालं. मग कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी आणि बोलावणं आलं की बॉक्सिंग. मी त्याच कंपनीत पॅकिंगला. मी नांदगावची, तो डोंगरातला, लग्न आमचं आम्हीच केलं. माझ्या माहेरी दोन वर्षं कोणी बोललं नाही. सासऱ्यांनी मात्र पहिल्याच दिवशी कोंबडी कापली.

सासरे म्हणजे सावळीराम भोये. मंगळू त्यांना बा म्हणतो, मी मामा म्हणते. तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या खेळलेला माणूस, डावा कान अजून सुजलेल्या वालासारखा आहे. त्यांच्याकडच्या कुस्तीला एकच नियम. पाठ मातीला टेकली की संपलं. हरलेल्याला पंचांनी उठवायचं नाही, जिंकलेल्यानेही नाही. त्याच्या घरचा माणूस आत जातो, पाठीवरची माती झटकतो आणि हाताला धरून बाहेर आणतो. एकदा माती झटकली की त्या जत्रेत त्याने पुन्हा उतरायचं नाही. मला ही पद्धत फार आवडली होती. बॉक्सिंगमध्ये असं काही नाही, तिथे पडलेल्याला परत मारायला उभं करतात.

मंगळूचं डोकं बिघडतंय हे आधी मामांच्या लक्षात आलं, माझ्या नाही. चहात दोनदा साखर घालणं, गेटची चावी खिशात ठेवून घरभर शोधणं, हे मी हसण्यावारी नेत होते. दिवाळीला गावी गेलो तेव्हा मामांनी त्याला बैल आणायला ओढ्यापलीकडे पाठवलं. ज्या वाटेवर लहानाचा मोठा झाला तिच्यावर तो हरवला. अंधार पडायच्या बेताला मामा शोधत गेले, तर हा मोहाच्या झाडाखाली बसलेला. बापाकडे बघून म्हणतो, तुम्ही कुठल्या गावचे? मग दचकला आणि चेष्टा केली म्हणाला. मामांनी घरी येऊन मला एवढंच सांगितलं आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

नाशिकला परत येऊन मी त्याला अक्षरशः ओढत स्कॅनला नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि सरळ सांगितलं. डोक्याला मार बसणं आज थांबलं तर आहे ते टिकेल. नाही थांबलं तर पुढचं सांगता येत नाही. बाहेर येऊन मंगळू म्हणाला, एक जिंकतो आणि थांबतो. त्याच्या गावातल्या कोणीही त्याला जिंकताना पाहिलं नव्हतं, ही त्याची खंत होती. मी भांडले, रडले, अबोला धरला. तेवढ्यात धनराजशेठचा फोन आला.

हा धनराज म्हणजे लढती भरवणारा. नाशिकमध्येच कार्यक्रम होता, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. जिथे परवापर्यंत नवरानवरीची खुर्ची होती तिथे रिंग बांधली होती, आणि लग्नातले सोफे पाहुण्यांना पुढे मांडले होते. समोर महेश नावाचा पुण्याचा पोरगा, धनराजचा लाडका. तपासणीच्या डॉक्टरने मंगळूच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि सही केली. गावाकडून एक जीप भरून माणसं येणार होती. मी आदल्या दिवशी पेठला गेले आणि त्यांच्याबरोबरच परत आले.

जीपमध्ये मामा माझ्या शेजारी. घाट संपला. मग त्यांनी विचारलं, यात पाठ टेकली तर काय. मी सांगितलं, पंच दहापर्यंत मोजतो, तेवढ्यात उठलं की पुन्हा खेळायचं.

“मंजे पुन्हा मारायला उभं करत्यात?”

मी हो म्हटलं.

“आन घरचा माणूस आत गेला तर?”

“तर तिथेच हरला, मामा. बाहेरच्याने दोरीच्या आत पायसुद्धा टाकायचा नाही.”

त्यांनी मान हलवली. म्हसरूळ जवळ आल्यावर हेच सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. म्हातारा माणूस, नवा खेळ, समजून घेतोय असं मला वाटलं.

सहा राउंडची लढत होती. पहिल्या दोन राउंडमध्ये महेशने मंगळूला धुतलं. तिसऱ्यात त्या पोराचा दम संपायला लागला. चौथ्या आणि पाचव्या राउंडमध्ये मी जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. मंगळू पुढे जात होता आणि महेश मागे सरत होता. गावची माणसं सोफ्यांच्या मागे उभी राहून ओरडत होती. धनराजचं तोंड उतरलं होतं, आणि ते बघून माझ्या जिवाला गारवा आला. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मी स्कॅन विसरले होते. मंगळूचे कोच राजू सर माझ्याकडे वळून म्हणाले, फक्त उभा राहिला तरी जिंकला.

सहाव्या राउंडमध्ये महेशचा एक आंधळा ठोसा त्याच्या कानामागे बसला. मंगळू सरळ मागे कोसळला. रेफरी मोजायला लागला. चारला मंगळू कुशीवर वळला, सहाला गुडघ्यावर आला. त्याचे डोळे मला दिसत होते, ते मोहाखालचे डोळे होते, कुठल्या गावचे विचारणारे. सात म्हणेपर्यंत तो उभा राहिला होता. आणि तेव्हा मामा दोरीखालून आत शिरले.

टोपी, धोतर, हातात पायताण. कोणी अडवायच्या आत ते मंगळूपाशी पोचले आणि त्याची पाठ झटकायला लागले. पाठीवर माती कुठली असायला, नुसता घाम. तरी ते झटकत होते. मग त्यांनी त्याचा हात धरला. सगळं लॉन्स हसायला लागलं. रेफरीने हात हलवून लढत थांबवली आणि महेशचा हात वर केला. गावची माणसं मात्र हसली नाहीत, काहींनी माना हलवल्या, म्हणजे बरोबरच केलं म्हाताऱ्यानं.

मागच्या खोलीत मंगळू हातावरच्या पट्ट्या सोडत नव्हता, तसाच बसून होता. मग बापाला म्हणाला.

“बा, मी उठलो व्हतो.”

“पाठ टेकली व्हती,” मामा म्हणाले.

त्यानंतर मंगळू बापाशी एक अक्षर बोलला नाही. मामा बाहेर नळावर पाय धुवायला गेले, मी मागे गेले. म्हटलं, मामा, तुम्हाला नियम ठाऊक होता, मी दोनदा सांगितला होता. त्यांनी नळ बंद केला.

“ठावं व्हता. त्याला सांगू नको, पोरी. बाप अडाणी हाय म्हणून चिडंल, चिडू दे. डोकं तरी राहील.”

मी शब्द दिला. मला तेव्हा त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्यांनी एका क्षणात केलं ते मला इतक्या भांडणांत जमलं नव्हतं. आता हा घरी बसेल, रुसेल, गेटवर ड्युटी करेल, आणि राहील, असा माझा हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी ती क्लिप सगळीकडे फिरली. वर ढोलकी लावलेली, खाली हसणारे चेहरे. कंपनीत पोरं एकमेकांच्या पाठी झटकायला लागली. मंगळू गेटवर असताना त्याच्यासमोर. गावी मामांना कोणी हसलं नाही, पण मंगळूला ते कळणार कसं, तो गावी जायचाच बंद झाला होता. धनराज भलताच खूश. त्याचा कार्यक्रम इतक्या लोकांनी कधी पाहिला नव्हता. महिन्याभरात त्याने पुण्यात पुन्हा तीच जोडी लावली. या वेळी पोस्टरवर मंगळूचा फोटो महेशएवढाच मोठा होता आणि खाली लिहिलं होतं, 'आता बाप घरी'.

मी म्हटलं, तू एक जिंकून थांबणार होतास. तो म्हणाला, जिंकलोच होतो, माझ्याकडून काढून घेतलं. मामांना नियम ठाऊक होता हे मी सांगितलं नाही. खरं सांगितलं असतं तर बापाचं तोंडही त्याने पाहिलं नसतं, आणि मी शब्द दिला होता. मी फक्त डॉक्टरांचं नाव पुन्हा पुन्हा घेत राहिले. राजू सरांनाही मी हात जोडले, जास्त झालं तर टॉवेल आत फेकून लढत थांबवा म्हणून. त्यांनी हो म्हटलं. पण पुण्याला रिंगमध्ये चढण्याआधी मंगळूने त्यांना स्वतःच्या आईची शपथ घातली. म्हणाला, सर, टॉवेल टाकलात तर तुमच्यात आणि बामध्ये काय फरक?

तिसऱ्या राउंडपासून मी डोळे मिटून घेतले होते, आवाज मात्र येत होता. एकदा उघडले तेव्हा राजू सर टॉवेल दोन्ही हातांनी पिळत होते. पाणी खाली ठिबकत होतं, आणि तो काही त्यांच्या हातातून सुटला नाही. मंगळू सगळे सहा राउंड उभा राहिला. एकदाही पाठ टेकली नाही. गुणांवर हरला, नेहमीसारखा.

गाडीत तो खुशीत होता. उभा राहून हरलो, म्हणाला. चाकण सोडलं आणि डोकं दुखतंय म्हणाला. नारायणगावच्या अलीकडे उलटी झाली, उजवा हात मांडीवरून खाली पडला तो त्याला उचलता येईना. पुढचं ऑपरेशन, कवटीचा तुकडा काढणं, परत बसवणं, ते सगळं मला सांगवत नाही. राजू सर दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. धनराजने फुलं पाठवली होती.

आता मंगळू गावी असतो, मामांजवळ. मी सातपूरला काम करते आणि सुट्टीला जाते. तो मला ओळखतो. जुनं सगळं त्याला आठवतं, आश्रमशाळा, पदक, आमचं लग्न. लॉन्सवरची लढतही आठवते, सहाव्या राउंडपर्यंत. त्याच्या पुढचं काही नाही, पुणंही नाही. आणि नवं काही टिकत नाही. सकाळचं दुपारी उरत नाही.

रोज सकाळी तो ओट्यावर येऊन बसतो आणि विचारतो, बा, मी जिंकलो का? मामा रोज सांगतात. तू जिंकत व्हतास, मी आत आलो म्हणून हरलास. तो विचारतो, तुला नियम ठावं नव्हता? मामा म्हणतात, ठावं व्हता. मग मंगळू खवळतो. जीभ जड झाली आहे तरी शिव्या नीट येतात. भिंतीकडे तोंड करून बसतो, बापाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. दुपारपर्यंत विसरतो. मामा नागलीच्या भाकरीचे तुकडे करून भरवतात आणि तो लहान पोरासारखा तोंड उघडतो.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा संताप झाला. म्हटलं, मामा, सांगून टाका ना जिंकलास म्हणून. कोण येणार आहे इथे खरं-खोटं करायला? रोज कशाला त्याच्या शिव्या खाता?

मामा चुलीतलं लाकूड मागे ओढत होते.

“एकदा खोटं बोललो, पोरी. नियम ठावं नसल्यावानी, पाठ टेकली व्हती म्हनालो. तवाच खरं सांगतो तर सगळा राग त्यानं माज्यावरच काढला असता, पुण्याला गेला नसता.”

दुसऱ्या दिवशी मी ओट्याच्या खाली भांडी घासत होते. मंगळू येऊन बसला. आदल्या दिवशीचं काहीच त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं, मला बघून हसलाही. मग बापाकडे वळला.

“बा, मी जिंकलो का?”

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि सांगायला सुरुवात केली.