मधे सारखं, बाजूला वेगळं

सकाळी नवऱ्याने बाईंचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, कारण चहा कोमट होता. कारणांच्या बाबतीत माणूस फार काटकसरी. बाईंनी केस ओढून टेंगूळ झाकलं, लांब बाह्या घातल्या आणि घाईत कपाटाची किल्ली पर्समध्येच घेऊन शाळा गाठली.

तिसरीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर मोठ्या लाकडी कंपासने एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढली.

"मधे सारखं, बाजूला वेगळं. डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं, मनचं चालणार नाही."

धड्यातला कोल्हा आणि लांडगा पोरांनी चुटकीसरशी उरकले. मग बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आता तुमच्या मनातली जोडी?"

तोंडाला कुलूप नसल्यामुळे जिला सगळे रेडिओ म्हणत, ती उठली. "बाई आणि माझी आई."

बाई खुलल्या. कौतुक ऐकायला मिळेल असं वाटलं बिचारीला.

"सारखं काय?"

"दोघी उन्हाळ्यात लांब बाह्या घालतात. दोघी सारख्या बाथरूममध्ये घसरतात."

वर्ग खिदळला. बाईंनी बाह्या आणखी खाली ओढल्या, पण धडा अर्धा सोडायची सवय नव्हती. "आणि वेगळं?"

"आईने एकदा बाबांना उलथन्याने हाणलं. बाबा घर सोडून गेले. आता ती घसरत नाही."

बाईंनी आईच्या बाजूला लिहिलं: उलट मारते. अक्षर वाकडं आलं.

तेवढ्यात नवरा थेट वर्गात घुसला. "किल्ली," म्हणत त्याने बाईंचा हात पाठीमागे पिरगाळला, दुसऱ्या हाताने केस धरले आणि सकाळचंच टेंगूळ फळ्यावर आपटलं. पोरं रडायला लागली. बाईंना दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली, आणि मग लाजेचाच संताप आला. मोकळ्या हाताने त्यांनी टेबलावरचा कंपास उचलला आणि त्याचं लोखंडी टोक केसांतल्या त्या हातात खुपसलं.

तो गुरासारखा ओरडला. टेबलावर रक्त सांडलं. त्याने मूठ उगारली, तसा बाईंनी पुन्हा कंपास उचलला.

"आता डोळ्यात घालीन. निघ. आणि आज मी घरी येत नाही."

तो हात छातीशी धरून मागच्या पावलांनी बाहेर पडला.

बाई भिंतीला टेकल्या. रेडिओ फळ्याशी गेली. आईच्या बाजूची अक्षरं तिने तळव्याने पुसली आणि खडू घेऊन मधल्या जागेकडे टाचा उंचावल्या.

"बाई, माझा हात पोचत नाही."

बाईंनी तिला कमरेला धरून उचललं.