जीपची कुरकुर

जनावरांच्या डॉक्टरीणबाई येताहेत हे टेकडीवरच्या वस्त्यांना त्या दिसायच्या आधीच कळायचं. त्यांची जुनी जीप चढ चढताना चारही चाकांनी जमीन धरायची, पण वेग कमी झाला की तिच्या पोटातून 'चीं-चीं, चीं-चीं' सुरू व्हायचं. तो आवाज ऐकून माणसं चहाचं आधण ठेवायची आणि कुत्री धूम ठोकायची. ह्या आवाजामागोमाग सुई येते, हे कुत्र्यांनी केव्हाच ताडलं होतं. मेंढपाळीणबाईंचा भोपळ्या हा एवढा दांडगा कुत्रा, पण जीपची चाहूल लागली की गवताच्या गंजीमागे गडप! त्याची लस दर वेळी हुकत होती.

"बाई, राग मानू नका," एके दिवशी मेंढपाळीण म्हणाली, "पण आधी तुमच्या गाडीला काहीतरी औषध द्या."

शेजारच्या सीटवर बसलेले डॉक्टरीणबाईंचे सासरे खो खो हसले आणि सुनेकडे लक्ष जाताच बाहेर बघू लागले.

सासऱ्यांचा सगळा जन्म बेकरीत गेलेला. खांदा दुखायला लागल्यावर त्यांनी भट्टी विकली आणि ते मुलाकडे राहायला आले. पण स्वतःच्याच मुलाच्या घरात ते पाहुण्यासारखे कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायचे. पाणीसुद्धा संकोचत मागायचे. शेवटी सुनेनंच एका सकाळी म्हटलं, "बाबा, येता का माझ्याबरोबर? वाटेतली फाटकं उघडायला कुणीतरी हवंच." तेव्हापासून ते रोज तिच्यासोबत निघत. मात्र दोघांमधलं अवघडलेपण काही जात नव्हतं. ते तिला घरातसुद्धा "डॉक्टर" म्हणत, आणि तीही त्यांच्याशी तोलूनमापूनच बोले.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर सासऱ्यांनी कान देऊन ऐकलं. "डॉक्टर, पीठ मळायचं माझं यंत्र असंच ओरडायचं. आत कुठंतरी कोरडं पडलंय."

मेकॅनिक नेमका गावाला गेला होता, लेकीच्या बाळंतपणासाठी. फोन उचलला तेव्हा पलीकडून आधी बाळाचंच रडणं ऐकू आलं.

"क्रॉस वाळलेत, ताई," तो म्हणाला. "इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारे दांडे असतात ना जीपखाली, त्यांच्या टोकांचे सांधे. तुम्हीच भरा ग्रीस, अवघड नाही. एक दांडा मागं जातो, एक पुढं. पुढचा विसरू नका, सगळे तोच विसरतात. अले अले, काय झालं माझ्या राजाला?"

"मला म्हणालात?"

"नाही हो, ह्याला! लिथियमचं ग्रीस घ्या, दोन नंबरचं, जास्त दाब सोसणारं. मी तेच भरलंय. भलत्या जातीचं त्यात मिसळलंत तर पातळ होऊन गळून जाईल. थांबा, ढेकर काढतो ह्याची."

फोन बंद झाला.

दुकानात ग्रीसचे डबे रंगीबेरंगी झाकणांनी असे मांडले होते की सासऱ्यांचे डोळेच लकाकले. नमुन्याच्या डब्यात बोट बुडवून त्यांनी ग्रीस चिमटीत चोळलं, हुंगलं.

"हे लाल बघा, डॉक्टर. काय सुरेख रंग आहे!"

"बाबा, केकवर नाही लावायचंय!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. सासऱ्यांची अशी थट्टा तिनं कधी केली नव्हती. पण ते असे हसले की गल्ल्यावरची दुकानदारीणही हसायला लागली.

"रंगावर जाऊ नका, काका," ती म्हणाली. "रंग कोणीही कुठलाही घालतं. डब्याच्या पाठीवरचं वाचा. ते निळं तर मुळीच नको, ते चिकणमातीपासून बनवलेलं, भट्टीजवळच्या यंत्रांसाठी."

'भट्टी' ऐकताच निळ्या डब्याकडे गेलेला सासऱ्यांचा हात सुनेनं हळूच मागं ओढला.

एका डब्यावर 'लिथियम', 'दोन नंबर' आणि 'जास्त दाब' वाचून त्यांनी तो घेतला. योगायोगानं ते लालच निघालं. शिवाय दांडा जिथं लांब-आखूड होतो त्या दातेरी भागासाठी दुकानदारिणीनं काळं ग्रीस दिलं, तेही लिथियमचंच.

सुट्टीच्या दिवशी अंगणाच्या सपाट भागात जीप उभी केली. चाकांना मागून-पुढून दगड लावले, खाली पुठ्ठे पसरले आणि सासरे-सून दोघं गाडीखाली शिरली. ग्रीस आत घालायच्या बारीक तोट्या, म्हणजे निपल, तिनं एकेक करून फडक्यानं पुसून त्यांवरची माती काढली, नाहीतर ग्रीसबरोबर तीही आत जायची. सासऱ्यांनी ग्रीस दाबून भरायची गन हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हा तर क्रीम भरायचा कोनच की!"

त्यांनी दांडी दाबली. क्रॉसच्या टोकांमधून जुनं, काळं पडलेलं ग्रीस वळवळत बाहेर आलं आणि मागून नवं लालचुटुक. तीन टोकांना आलं, चौथं कोरडं ठणठणीत. सुनेनं दांडा हातानं थोडा मागंपुढं हलवला, सासऱ्यांनी पुन्हा दाबलं, आणि चौथ्यानंही तोंड उघडलं.

"आलं, आलं!" दोघं एकदमच ओरडली.

सरकत्या भागाशी आल्यावर गनमध्ये काळं ग्रीस भरलं. तिथं मात्र सासऱ्यांना आवरेना.

"बाबा, बस! गच्च भरलं तर दांड्याला आत सरकायला जागा कुठली?"

"बरं बाई. हात थांबतच नाही माझा."

पुन्हा लाल ग्रीस भरून ती पुढच्या दांड्याकडे वळली. त्याचं निपल नेमकं वर तोंड करून बसलेलं, गन पोचेना. गाडी थोडी ढकलली असती तर दांडा फिरला असता. तेवढ्यात फाटक वाजलं. सासऱ्यांचा मुलगा, म्हणजे डॉक्टरीणबाईंचा नवरा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून कुणाकडून तरी परतला होता. त्याला जीपखालून बाहेर आलेले चार पाय दिसले.

"अरे देवा! काय झालं? लागलं का कुणाला?"

दोघं सरपटत बाहेर आली. सासऱ्यांच्या मिशीला लाल ग्रीस, सुनेच्या कपाळावर काळं.

"बरा आलास," सासरे म्हणाले. "दगड काढ आणि ढकल."

"बाबा, माझा शर्ट..."

"ढकल रे!" बायकोनं फर्मावलं.

बिचाऱ्यानं ढकललं. दांडा फिरला, दगड पुन्हा लागले, आणि सासरे गाडीखाली आडवे होत म्हणाले, "पोरी, गन दे इकडे."

'पोरी' ऐकून ती गालात हसली. मग तिनं गन दिली.

दुसऱ्या दिवशी जीप टेकडी चढली ती पावलं न वाजवता. भोपळ्या उन्हात पाय ताणून घोरत होता. डॉक्टरीणबाईंनी लस टोचली, त्यानंतर कुठं त्यानं एक डोळा उघडला आणि असा काही अपमानित चेहरा केला की मेंढपाळीण हसून हसून बांधावर बसली.

वस्ती मागं पडल्यावर टेकडीचा सपाट माथा लागला. दूरवर नुसतं गवत. सासरे बराच वेळ काचेतून बघत होते.

"एक विचारू? मी कधी गाडी चालवलीच नाही. पहाटेपासून भट्टीपुढं, पाव पोचवायला धाकटा भाऊ जायचा. आता ह्या वयात..."

सुनेनं तिथंच जीप थांबवली, खाली उतरली आणि पलीकडून येऊन त्यांचं दार उघडलं.

"सरका तिकडं."

पहिल्यांदा जीप बेडकासारखी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. मग तिनं सांगितलं तसा त्यांनी क्लच अलगद सोडला आणि जीप गवत दुभागत संथपणे निघाली. सासऱ्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट पकडलं होतं. चरणाऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि शहाणपणानं बाजूला झाल्या.

"जमतंय की!" सून ओरडली. "बाबा, जमतंय!"

"जमतंय!" तेही ओरडले. आणि मग, "पण पोरी, थांबवायची कशी ते नाही सांगितलंस!"

"कशाला थांबवताय? आणखी एक चक्कर मारा!"